गळकी गाळणी आणि फुगलेली नलिका

सकाळी उठल्यावर मुलाच्या पापण्या सुजलेल्या दिसतात. डास चावला असेल, झोप कमी झाली असेल, असे म्हणत दोन-चार दिवस जातात. मग पायावर बोट दाबले की खळगा राहू लागतो, लघवीला फेस येतो आणि तपासणीअंती घरात एक नवा शब्द दाखल होतो: नेफ्रॉटिक सिंड्रोम. त्याच सुमारास काढलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात कोठे ‘सिस्ट’ हा शब्द आढळला, तर आईवडिलांच्या मनात या दोन शब्दांची पक्की गाठ बसते. मूत्रपिंडात पाण्याची गाठ झाली आहे, तिच्यामुळेच सूज आली आहे, मग ती काढून का टाकत नाहीत, असा प्रश्न ते विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र त्यातील क्रम उलटा आहे. नेफ्रॉटिक विकारात गाठीमुळे सूज येत नाही. क्वचित गाठ झालीच, तर ती मागाहून होते. हा क्रम नीट समजला की घरातील पुष्कळशी घबराट आणि काही नको ते उपाय टळतात.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब, वळणावळणाची नलिका जोडलेली असते. या गाळण्यांतून दिवसाकाठी साधारण १८० लिटर द्रव खाली उतरतो. त्यातील जेमतेम दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतो. उरलेला सारा नलिका परत रक्तात घेते. गाळणीने पाणी व क्षार सोडायचे आणि प्रथिने अडवायची, असा हा व्यवहार आहे. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षाही कमी प्रथिने जातात. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये ही गाळणी गळू लागते आणि प्रौढ रुग्णात दिवसाला साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिने वाहून जातात. रक्तातील अल्ब्युमिन घटते, शरीरात मीठ-पाणी साठते आणि अंगावर सूज चढते. म्हणजे मूळ दोष गाळणीत आहे.

मग गाठ नलिकेत का व्हावी? गळती वरच्या मजल्यावर असली तरी ओल खालच्या भिंतीला येते, त्यातलाच हा प्रकार. गाळणीतून निसटलेली थोडीफार प्रथिने नलिकेच्या पेशी शोषून घेतात. ते त्यांचे नेहमीचेच काम आहे. परंतु प्रथिनांचा लोंढा महिनोन्‌महिने वाहत राहिला, तर याच पेशी त्या ओझ्याखाली आजारी पडतात. भोवती दाह होतो आणि हळूहळू व्रणासारखे ताठर ऊतक तयार होते. त्याने काही नलिका आवळल्या जातात. काहींमध्ये प्रथिनांचे घट्ट गोळे अडकून बसतात. पाटात गाळ साचला की मागचे पाणी तुंबून काठ फुगतो, तशी अडथळ्यामागची नलिका रुंदावते. अर्थात नुसत्या तुंबण्याने गाठ होत नाही. ताणली गेलेली भिंत पातळ होऊन फुटली असती; प्रत्यक्षात तिच्या पेशी नव्याने विभागतात आणि फुगवट्याबरोबर भिंतही वाढते. पुढे एखादा फुगवटा मूळ नलिकेपासून तुटून बंद पिशवी होऊ शकतो आणि मग आतील पेशींनी स्रवलेल्या द्रवावर वाढत राहतो. आपण जिला पाण्याची गाठ म्हणतो, ती हीच.

असे होते हे खरे. पण किती जणांत? लहान मुलांच्या नेहमीच्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये बहुधा नाहीच. या मुलांपैकी बहुतेकांच्या मूत्रपिंडाचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निर्दोष दिसतो. गाळणीच्या पेशींचे बिघडलेले पाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकालाच दिसतात. त्यांच्या नलिका शाबूत राहतात आणि स्टिरॉइडचा गुण आला की गळतीही थांबते. त्यामुळे अशा मुलाच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडे नेहमीसारखी किंवा किंचित मोठी दिसावीत, एवढेच अपेक्षित असते. गाळण्या कोसळत जाणाऱ्या एका उग्र प्रकारात, एचआयव्हीबाधितांत तो आढळतो, नलिका लवकर व ठळक फुगतात. पण तो वेगळा आणि विरळा आजार आहे.

गाठींशी ज्याचे नावच जोडले गेले असा नेफ्रॉटिक विकार एकच, आणि त्याची कथा फिनलंडमधील आहे. तेथे काही बाळे मुदतीपूर्वी जन्मत. त्यांची वार त्यांच्या वजनाच्या मानाने फार मोठी असे आणि आयुष्याच्या पहिल्या तीन महिन्यांतच त्यांना सूज येई. निलो हॉलमन या बालरोगतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. मूत्रपिंडाचे छेद पाहताना गाळणीनंतरच्या नलिका जागोजाग फुगलेल्या दिसत. म्हणून पुष्कळ वर्षे हा सूक्ष्म गाठींचा आजार म्हणूनच ओळखला गेला. जे डोळ्यांना दिसले, त्याचे नाव पडले. स्टिरॉइडचा या बाळांना उपयोग होत नसे आणि बहुतेक बाळे दगावत. १९९८ मध्ये कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने सदोष जनुक शोधून काढले, तेव्हा कारण वेगळेच निघाले. ते जनुक नेफ्रिन नावाचे प्रथिन घडवते आणि नेफ्रिन असते गाळणीच्या पेशींमधील बारीक फटीत. नलिकेत मूळ दोष नव्हताच! फुगवटे हा गळतीचा परिणाम होता. आज अशा बाळांना शिरेतून अल्ब्युमिन देऊन, पोषण सांभाळून वाढवतात आणि योग्य वेळी मूत्रपिंड प्रत्यारोपण करतात. फुगलेल्या नलिकांवर वेगळा उपचार कोणी करत नाही.

प्रौढांत गाठी दिसण्याची वाट निराळी आहे. नेफ्रॉटिक विकार आटोक्यात न येता मूत्रपिंडे निकामी होत गेली, तर टिकून राहिलेल्या थोड्या नलिकांवर साऱ्यांचे काम पडते. त्या जाड होतात, वाढतात आणि आकसलेल्या मूत्रपिंडात गाठी धरू लागतात. डायलिसिसवरील रुग्णांत हे घडते, असे १९७७ मध्ये प्रथम सविस्तर नोंदले गेले. मूळ आजार कोणताही असो, डायलिसिसची वर्षे जशी वाढतात, तशा गाठीही वाढतात. त्यांतील फार थोड्यांत पुढे कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून लघवीतून रक्त गेले किंवा कुशीत नवे दुखणे सुरू झाले, तर ते अंगावर काढू नये.

मग आपल्या हातातील अहवालातल्या त्या एकट्या गाठीचे काय? पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या मूत्रपिंडात एखादी साधी गाठ असतेच आणि बहुधा ती आयुष्यभर निरुपद्रवी राहते. दोन्ही मूत्रपिंडे मोठी असून गाठींनी भरलेली असतील आणि आई किंवा वडिलांनाही तसेच असेल, तर तो आनुवंशिक आजार आहे. त्यात लघवीतून प्रथिने जातात, पण सहसा एवढी जात नाहीत. अशा रुग्णात नेफ्रॉटिक पातळीची गळती आढळली, तर डॉक्टर गाळणीचा दुसरा आजार शोधतात. लहान मुलात गाठ दिसली, तर मात्र ती ‘असते कधी कधी’ म्हणून सोडून न देता बालमूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावी.

सर्वांत हानिकारक गोष्ट मी वेगळीच मानतो. गाठ ‘विरघळवण्याच्या’ आशेने काढे, चूर्णे सुरू होतात आणि स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. या गोळ्या एकाएकी थांबवणे धोक्याचे आहे. शिवाय गळती पुन्हा सुरू होण्याची वाट त्याने मोकळी होते. नेफ्रॉटिक मुलाच्या घरी दर महिन्याच्या सोनोग्राफीपेक्षा एक साधी वही अधिक उपयोगी पडते. सकाळची पहिली लघवी पट्टीने तपासावी आणि तारखेपुढे आकडा लिहावा. त्याशेजारी वजन, गोळीची मात्रा आणि त्या दिवशी ताप-खोकला होता का, तेही नोंदवावे. सलग तीन दिवस पट्टी ३+ किंवा त्याहून अधिक दाखवू लागली, तर आजार उलटला असे समजून, सूज येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. पुढच्या भेटीला जाताना जुने अहवाल न्यावेतच, पण ही वही विसरू नये.