हातभर चाकू, बोटभर काम

माणसाला शहाणपण कितपत आलंय हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. त्याच्या हातात चाकू द्यावा आणि तो काय करतो ते पाहावं. शहाणा माणूस विचारतो, "काय चिरायचंय?" बाकीचे सगळे पातं उजेडाकडे धरतात, अंगठ्याने धार चाचपतात, एक भुवई वर चढवतात आणि समोर नसलेल्या वाघाकडे रोखून पाहू लागतात.

हा दुसरा वर्ग हल्ली फार बोकाळला आहे. शनिवारी रात्री कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत चढावं. पाठीवर पिशवी, पिशवीला दोर, दोराला कडी आणि कमरेला मांडीपर्यंत लोंबणारं म्यान, असा एक तरी वीर भेटतोच. विचारलं तर सांगतो, "बुशक्राफ्ट." म्हणजे रानात, रानातल्याच वस्तूंवर, स्वतःच्या हुन्नराने राहायची विद्या. विद्या उत्तम आहे. आपल्याकडे ठाकर आणि महादेव कोळी मंडळींना ती पिढ्यान्‌पिढ्या येते. फक्त तिला इंग्रजी नाव आहे हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. माझं भांडण विद्येशी नाही, त्या लोंबणाऱ्या म्यानाशी आहे. रानात नेण्यासाठी चाकू निवडताना लोक कामाकडे न बघता आरशाकडे बघतात, असा माझा जाहीर आरोप आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

बँकेत कारकुनी करणाऱ्या आणि टाचणीपलीकडे कुठलंही शस्त्र न चालवणाऱ्या माणसाने या विषयात पडू नये, असं कुणी म्हणेल. पण गेली वीस-बावीस वर्षं मी दर हिवाळ्यात, पोट आत ओढून, एखाददुसरा गड चढतो. शिवाय मी बी.कॉम. आहे. त्या शिक्षणाने दुसरं काही दिलं नसेल, पण खरेदीच्या पावतीकडे बघून "याची गरज काय होती?" असं विचारण्याचं धैर्य नक्की दिलं आहे.

आता आमच्या भाच्याचा चाकू घ्या. तो परवा घरपोच आला. पातं दहा इंच. पाठीवर करवतीचे दाते. मूठ पोकळ, तिच्या टोपणात होकायंत्र, पोटात काडेपेटीतल्या चार काड्या, गळ आणि मासे धरायची दोरी. रंग पानांसारखा हिरवा-तपकिरी ठिपक्यांचा. या घराण्याचा मूळपुरुष १९८२ सालच्या 'फर्स्ट ब्लड' या सिनेमात रॅम्बोच्या कमरेला होता. सिनेमात तो शोभला, कारण रॅम्बोच्या मागे अख्खं पोलीसदल लागलं होतं. भाच्याच्या मागे फक्त गृहकर्जाचा हप्ता लागला आहे.

मी एकेक कलम तपासायला घेतलं.

"हे दाते कशाला?"

"मामा, फांदी कापायला."

फांदी त्या दात्यांनी कापली जात नाही. ते लाकडात अडकतात आणि बसतात. मात्र बारीक काम करताना पात्याच्या पाठीवर अंगठा टेकावा लागतो, आणि तिथे हे दाते अंगठ्याची वाट बघत असतात. पोकळ मुठीत काड्या मावतात हे खरं, पण पात्याचं मुठीत शिरणारं शेपूट तिथे बोटभरच उरतं. जिथे जोर यायचा तिथेच चाकू कच्चा. तळमजला रिकामा सोडून वर चार मजले चढवावेत, तशातली ही गत. गळाबद्दल मी बोललोच नाही. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर डिसेंबरात कसली मासळी लागते हे त्याने एकदा स्वतःच बघून यावं. आणि तो पानांचा रंग! चाकू पाचोळ्यात पडला की पाचोळ्यासारखाच दिसावा, अशी सोय पदरचे पैसे देऊन करून घेणारा गिऱ्हाईक जगाच्या पाठीवर दुसरा मिळणार नाही. रानातल्या चाकूची मूठ भगवी, लाल, पिवळी, कशीही भडक असावी. लपायचं असेल तर माणसाने लपावं, चाकूने लपू नये.

"पण मामा, संकटात उपयोगी पडतो."

या वाक्यावर हा सगळा बाजार चालतो. म्हणून संकटांची यादीच करू. सह्याद्रीत माणूस अडचणीत येतो तो वाट चुकून, पाणी संपून, धुकं उतरून, शेवाळलेल्या कातळावरून घसरून, ऊन लागून किंवा आग्या मोहोळ उठवून. यातल्या एकाही प्रसंगात दहा इंची पातं काही करू शकत नाही. मधमाशीशी द्वंद्व खेळायचं असेल तर गोष्ट वेगळी. आता कामांची यादी बघा: कांदा, काकडी, लिंबू, दोरी, खाऊचं न फाटणारं पाकीट, चिकटपट्टी, शेकोटीसाठी काडीचे केस काढणं, तंबूची एखादी खुंटी तासणं. यातलं सगळ्यात अवघड काम कांद्याचं. आणि नेमकं तेच या चाकूला येत नाही. त्याचं पातं सहा मिलिमीटर जाड. ते कांदा चिरत नाही, कांद्याची फाळणी करतं. सव्वा हात लाकूड, नऊ हात ढलपी म्हणतात, ते हेच.

घडीचा चाकू घ्यावा का, असं मग कुणी समंजस माणूस विचारतो. खिशात ठेवायला तो बरा, पण रानातल्या कामाला मी न मिटणाऱ्या चाकूच्या बाजूने मत देईन. घडीच्या सांध्यात माती जाते, कांद्याचा रस जातो, जोर दिला की सांधा डुगडुगतो, आणि खटका नसला तर पातं ऐन वेळी बोटांवर मिटतं. न मिटणाऱ्या चाकूला सांधाच नाही, मग दुखणं कुठून येणार? धुतला, पुसला, म्यानात घातला. या पद्धतीचं मोठेपण आपल्याला परदेशातून शिकायचीही गरज नाही. आपली विळी म्हणजे न मिटणाऱ्या पात्याची परमावधी. तिथे पातं पाटाला ठोकून बसवलेलं असतं आणि भोपळाच चालत त्याच्याकडे येतो.

खरी मौज ही, की ज्या देशांकडे बोट दाखवून हे सुरे विकले जातात, तिथले जाणते लोक छोट्याच चाकूचे भक्त. अमेरिकेत होरेस केफार्ट नावाचा गृहस्थ होऊन गेला. पेशाने ग्रंथपाल, म्हणजे आमच्यासारखाच खुर्चीवरचा माणूस. १९०४ साली तो नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात राहायला गेला आणि १९०६ साली त्याने रानातल्या राहणीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते आजही वाचलं जातं. त्याचा सगळ्यात लाडका चाकू गावच्या लोहाराने घडवलेला होता, दिसायला कुरूप होता, आणि त्याचं पातं साडेचार इंच होतं. स्वीडनमध्ये मोरा नावाचं गाव आहे. तिथल्या एका कारखान्यात १८९१ सालापासून चाकू होतात. साधी मूठ, चारेक इंचांचं पातळ पातं, किंमत बेताची. तिकडचे सुतार-कामगार तो रोजच्या कामाला वापरतात आणि बुशक्राफ्टवाले त्याची शपथ घेतात. ज्यांच्या दारात मैलोगणती पाइनची जंगलं, त्यांचं चार इंचांत भागतं. आणि आम्ही, ज्यांना वाळकी कारवी नुसत्या हाताने मोडता येते, दहा इंच मागतो.

यावर भाच्याने हुकमी पान टाकलं. "मग गडाखालचे गावकरी कमरेला एवढा मोठा कोयता का अडकवतात?"

प्रश्न चांगला आहे, उत्तरही सोपं आहे. त्यांना काम असतं. राबासाठी फांद्या उतरवायच्या असतात, कुंपण घालायचं असतं, सरपण आणायचं असतं, बांबू फोडायचा असतो. कोयत्याचा आकार त्या कामातून आला आहे, सिनेमातून नाही. कुठली फांदी तोडली तर झाड पुन्हा फुटतं हे त्या माणसाला ठाऊक असतं, कारण पुढच्या वर्षी त्याला तिथेच यायचं असतं. आपल्याला सोमवारी दहा वाजता ऑफिसात यायचं असतं. त्यांचा कोयता बघून सुरा घेणं म्हणजे रोखपालाकडे नोटा मोजायचं यंत्र आहे म्हणून आपणही घरी एक आणून ठेवण्यासारखं आहे.

इथवर चेष्टा झाली. आता ज्यासाठी हा कागद काळा केला ते सांगतो. मोठा सुरा कमरेला असला की हाताला काम सुचत नाही असं होत नाही. काम नसलं तर हात ते शोधतो. ज्याच्याकडे हातोडी आहे त्याच्या घरात खिळे वाढतात, तसंच हे. तळ्याकाठी तंबू टाकला, चहा झाला, गप्पा संपल्या, मग वीर उठतो आणि मनगटाएवढं कोवळं झाड 'बघू तरी धार' म्हणून आडवं करतो. ओलं लाकूड पेटत नाही, नुसता धूर होतो. पण तोवर झाड गेलेलं असतं. दुसरा वीर खोडावर बदामात दोन अक्षरं कोरतो. ते प्रेम पावसाळ्यापर्यंत टिकेल न टिकेल, जखम झाडाच्या अंगावर जन्मभर राहते. चार इंचांच्या चाकूवाल्याला हा मोह होत नाही असं नाही, पण झाड पाडायला लागणारा वेळ त्याला विचार करायला भाग पाडतो. छोट्या चाकूचा हा गुण कुठल्याच जाहिरातीत छापत नाहीत.

कायद्याचीही एक नजर टाकू. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो. घरकामाच्या, शेतीच्या, शास्त्रीय किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. भाच्याचं पातं दहा इंच. शेतीसाठी आहे म्हणून सांगावं, तर त्याची शेती म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता. पुढे, हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत शस्त्र या शब्दात चाकूही धरला आहे. कायद्याने इंच मोजलेले नाहीत. म्हणून अशा ठिकाणी जाताना कांदा घरूनच चिरून डब्यात न्यावा. कांद्याचं काही बिघडत नाही आणि वनरक्षकासमोर मान ताठ राहते.

मग बाकीच्या रानावनात, शेतावर, गावाबाहेरच्या माळावर न्यायला घ्यावा कसला? लिहून घ्या. पातं आपल्या तळव्याच्या रुंदीइतकं, म्हणजे साधारण चार इंच. जाडी अडीच-तीन मिलिमीटर. पाठ सपाट, दाते नकोत. पात्याचं शेपूट मुठीत खोलवर गेलेलं. मूठ साधी, बोटांचे खाचे नसलेली. ते खाचे ज्याच्या बोटांवरून काढले तो माणूस आपल्या घरात राहत नाही. साधं पोलाद लवकर धार घेतं, पण गंजतं. लिंबू लागलं की काळवंडतं. वापरून झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायची शिस्त असेल तर ते घ्यावं, नसेल किंवा पावसाळ्यात हिंडणं असेल तर न गंजणारं घ्यावं. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि पातं खातं. आणि आठवडी बाजाराला एखादा लोहार बसत असेल तर त्याच्याशी बोलून बघावं. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून तो असा चाकू घडवून देईल. केफार्टला जे चाललं ते आपल्याला चालायला हरकत नसावी.

सर्वांत शेवटी धार. चाकू म्हणजे धार. बाकी नुसतं लोखंड आणि मूठ. ज्याला धार लावता येत नाही त्याने चाकू घेऊच नये, आधी दगड घ्यावा. दगड ओला करायचा, पात्याची उतरती बाजू त्यावर सपाट टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी सारखं घासायचं. आमची आई चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कड असते तिच्यावर सुरी घासायची आणि त्या सुरीपुढे टोमॅटो थरथर कापायचा. हिशेबशास्त्रात वस्तू वापरली की तिच्यावर दरसाल घसारा लावतात आणि तिची किंमत उतरवतात. चाकू ही एकच वस्तू मी पाहिली जिची किंमत घासल्याने वाढते. उलट, बँकेत दोन वर्षं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. कपाटातले दहा इंची सुरे बहुतेक याच खात्यात जमा आहेत.

तेव्हा चाकू घ्यायला दुकानात जाल तेव्हा खिशात एक पिकलेला टोमॅटो घेऊन जा. दुकानदार पोलादाचं नाव सांगेल, कुठल्या देशाचं सैन्य हा वापरतं ते सांगेल, पात्यावरचा वाघ दाखवील. सगळं ऐकून घ्या, मान डोलवा आणि टोमॅटो पुढे करा. पातळ चकती निघाली तर पैसे मोजा. टोमॅटोचा रस दुकानदाराच्या शर्टावर उडाला तर नमस्कार करून बाहेर पडा. जो चाकू टोमॅटोशी नीट वागत नाही, त्याला रानात नेऊन झाडांच्या गळ्यात बांधू नका.