ओळख कुणाची, कागद कुणाच्या कपाटात?

विमानप्रवास हा श्रीमंतांचा विषय, त्यावर आपल्या अंकात संपादकीय कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. पण बचत गटाची कार्यकर्ती आज विमानाने दिल्लीच्या परिषदेला जाते. छळ असह्य झालेली बाई परराज्यातून माहेरी परतते, तीही अनेकदा भावाने काढून दिलेल्या विमानाच्या तिकिटावर. विमानतळाच्या दारात तिला पहिला प्रश्न येतो तो ओळखपत्राचा.

रेल्वेत एका तिकिटावरच्या प्रवाशांपैकी एकाने ओळखपत्र दाखवले तरी भागते, आणि ते बहुधा नवऱ्याचेच असते. देशांतर्गत विमानात मात्र प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतःचे, छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र लागते. झेरॉक्स चालत नाही. त्यासाठी आधारच हवे, हा समज चुकीचा आहे. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या यादीत पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, पॅन आणि वाहन परवाना आहे. तसेच राष्ट्रीयीकृत बँकेचे छायाचित्र असलेले पासबुक, निवृत्तिवेतनाचे व अपंगत्वाचे ओळखपत्रही आहे. यांपैकी कोणतेही एक पुरते. आई किंवा वडील स्वतःच्या ओळखपत्रासह सोबत असतील तर लहान मुलाला वेगळे ओळखपत्र लागत नाही. तान्ह्या बाळाच्या जन्माचा दाखला मात्र जवळ असावा.

नियम सर्वांना सारखा. पण तो बाईला जास्त जाचतो. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी जुळावे लागते. पुरुषाचे नाव जन्मभर एकच राहते. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने बाईचे नवे नाव लिहिण्याची रीत. मग शाळेच्या दाखल्यावर ती एक, मतदार यादीत दुसरी आणि बँकेत तिसरी. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. रीत समाजाची, खुलासे मात्र एकटीने द्यायचे.

बदल होत आहेत, पण अर्धवट. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची अट काढली गेली. घटस्फोटितेला माजी पतीचे नाव देण्याची गरज उरली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक केले. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव लावण्याची पद्धत मात्र तशीच राहिली.

त्याहून गंभीर प्रश्न कागद कुणाच्या ताब्यात आहे हा. घर सोडणाऱ्या बाईचे कागद नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असतात. आधारला जोडलेला मोबाईलही त्याचाच, म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. मारहाण डोळ्यांना दिसते. कागद अडवून ठेवणे ही हिंसा आहे, हे मात्र पोलीस चौकीत अजून समजावून सांगावे लागते.

म्हणून गटांनी काही कामे हाती घ्यावीत. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम १९(८) खाली स्त्रीधन व तिची इतर मालमत्ता परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. तो अर्ज भरताना प्रत्येक कागदाचे नाव त्यात लिहावे. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन मोबाईल क्रमांक बदलता येतो, त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. बाईसोबत तिथे जावे. तिकीट काढण्यापूर्वी ओळखपत्र समोर ठेवून नाव अक्षरशः तसेच घालावे. आणि प्रत्येकीच्या नावाचे निदान एक ओळखपत्र तिच्या स्वतःच्या पिशवीत राहील, हे आपल्या बैठकीत ठरवावे.

मैत्रिणींनो, जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य घटनेने आपल्यालाही दिले आहे. कुणाच्या परवानगीशिवाय घराबाहेर पडायला बाई शिकली, तरी तिचा कागद कुलपात असेल तर ती दारापर्यंतच पोचते. त्या कुलपाची किल्ली मागणे हे आपल्या चळवळीचेच काम आहे.