बाण नागपूरचा, पण घड्याळ कोणाचं?

पांढुर्णा : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. हातातून सुटलेला गोटा मधातच वळवता येत नाही, हे पांढुर्णा आणि सावरगाववाल्यांना कोणी शिकवायची गरज नाही. तोफखान्याच्या रॉकेटचंही बरीच वर्षं हेच होतं. पिनाकाच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. डागताना दिली तीच दिशा, मग वारा सुटला की नेम हुकला.

आता चित्र बदललं आहे. पुण्याच्या एआरडीईनं आखलेल्या मार्गदर्शित पिनाकाच्या चाचण्या नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाल्या. त्याचा पल्ला ७५ किलोमीटरच्या वर आहे आणि उडता उडता ते आपली दिशा सुधारतं. नागपूरच्या सोलर समूहाच्या इकॉनॉमिक एक्सप्लोसिव्हजनं जून २०२४ मध्ये ‘नागास्त्र-१’ या आत्मघाती ड्रोनची १२० नगांची पहिली खेप सैन्याला दिली. मागणी ४८० ची होती. सौंसरहून नागपूर गाठून अमरावती रोडला लागलं की बाजारगाव येतं, तिथंच या समूहाचा मोठा कारखाना आहे. १७ डिसेंबर २०२३ च्या स्फोटात ९ कामगार गेले, तो हाच. म्हणजे हा विषय दिल्लीचा कमी आणि आपल्या पट्ट्याचा जास्त आहे.

वाट शोधण्यात प्रश्न दोनच असतात. मी कुठं आहे, आणि आता कुठं वळू? दुसरा त्यामानानं सोपा. नागपूर-बैतूल हायवेवरच्या ड्रायव्हरला विचारा : बाजूच्या रस्त्यानं येणारी गाडी काचेत एकाच जागी दिसत राहिली आणि मोठी होत गेली, तर टक्कर नक्की. ड्रायव्हर ब्रेक मारतो. विमान पाडणारं क्षेपणास्त्र उलट करतं, ते लक्ष्याचा कोन हलू न देण्यासाठी वळत राहतं.

खरी अडचण पहिल्या प्रश्नाची. रॉकेटमध्ये गती आणि वळणं मोजणारी यंत्रं असतात. निघालो कुठून, किती वेगानं, कोणत्या दिशेनं, याचा हिशेब ती आतल्या आत मांडतात. बाहेरच्या कोणाची मदत लागत नाही, म्हणून शत्रू त्यांना फसवूही शकत नाही. पण ही रोकडवही आहे. सुरुवातीची चूक प्रत्येक पानावर पुढे ओढली जाते, आणि इथं तर ती वेळेच्या वर्गानं फुगते. प्रवेग मोजण्यात दर सेकंदाला, प्रतिसेकंद एका सेंटीमीटरचा फरक राहिला, तर एका मिनिटात जागा १८ मीटरनं चुकते आणि दहा मिनिटांत १.८ किलोमीटरनं. पिनाकाचा प्रवास थोडक्यात आटोपतो. नागास्त्र मात्र बराच वेळ हवेत घिरट्या घालू शकतं.

म्हणून वही अधूनमधून बँकेच्या पासबुकाशी जुळवावी लागते. ते पासबुक म्हणजे उपग्रह. स्थान आणि वेळ दोन्ही काढायला किमान चार उपग्रहांचा संकेत लागतो. सगळा खेळ घड्याळाचा. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला की अंतर ३०० मीटरनं चुकतं.

जीपीएस अमेरिकेच्या सैन्याच्या हाती आहे. लढाईच्या दिवशी दुसऱ्याच्या पासबुकावर विसंबून चालत नाही, म्हणून इस्रोनं ‘नाविक’ उभं केलं. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पुढं परदेशातून आणलेली अणुघड्याळं एकेक करून बंद पडत गेली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर देशी रुबिडियम घड्याळ बसलं, ते मोठं यश. पण २९ जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ झडप न उघडल्यानं ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, ११ पैकी ४ उपग्रहच स्थान-सेवा देत आहेत.

चारच हवेत आणि तेव्हा चारच होते. एकाचं घड्याळ थांबलं की हिशेब कच्चा.

बाजारगावात ३० मार्च २०२५ ला पंतप्रधानांनी ड्रोनसाठी १,२५० मीटरच्या धावपट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हा आपल्याकडेही चांगलीच चर्चा होती. एनव्हीएस-०२ हुकला त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. त्याबद्दल चौकात कोणी बोललं नाही. कारखाना डोळ्यांना दिसतो, घड्याळ ३६ हजार किलोमीटरवर आहे. एनव्हीएस-०३ कधी सुटतो, नागपूरच्या बाणाचा नेम त्यावर बराच टेकला आहे.