तोफेपुढे चालणारा ट्रक

१९८६ साली स्वीडनशी झालेल्या बोफोर्स कराराने या देशाला दोन पिढ्या पुरेल एवढे राजकारण दिले. करारातील लाचखोरीच्या आरोपांनी १९८९ च्या लोकसभा निवडणुकीचे चित्र पालटले आणि खेड्यापाड्यांतील चावडीवरही ‘बोफोर्स’ हा शब्द रूढ झाला. त्या ४१० तोफांची किंमत, त्यांचा पल्ला, त्यांचे दलाल, सारे काही चर्चेचा विषय झाले. त्या तोफा ओढण्यासाठी स्वीडनहूनच आणलेल्या स्कॅनिया ट्रकांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. ही तोफ स्वतःच्या इंजिनावर थोडेफार अंतर सरकू शकते हे खरे. परंतु झोजी ला ओलांडून द्रासला पोहोचण्यासाठी तिच्यापुढे ट्रक जोडावाच लागतो. १९९९ च्या कारगिल युद्धात तोफांचा गौरव झाला तो यथायोग्यच होता. ट्रकाच्या वाट्याला असा गौरव कधी येत नाही आणि पैशाचा प्रश्न उभा राहिला की पहिली कात्री त्याच्यावरच चालते.

ही कात्री कशी चालते, हे समजून घेणे अवघड नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. आकडा डोळे दिपवणारा आहे. त्यातील सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, १ लाख ८० हजार कोटी भांडवली खरेदीचे आणि ३ लाख ११ हजार कोटींहून अधिक सैन्यदलांच्या महसुली खर्चाचे. या महसुली रकमेतून वेतन वजा जाता दैनंदिन चलनवलनासाठी उरतात सुमारे १ लाख १४ हजार कोटी. इंधन, शिधा, दारूगोळा, जहाजांची आणि विमानांची दुरुस्ती, इमारतींची डागडुजी आणि ट्रकांचे सुटे भाग, टायर, बॅटऱ्या हे सारे या एकाच ताटात वाढून घ्यायचे आहे. नवे विमान भांडवली खात्यातून येते आणि त्याच्या स्वागताला मंत्री जातात. जुन्या ट्रकाचा गिअरबॉक्स महसुली खात्यातून येतो आणि त्याच्या मागणीपत्रावर महिनोन्महिने धूळ साचते.

२०१८ च्या मार्च महिन्यात तत्कालीन उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जी कैफियत मांडली ती विसरण्याजोगी नाही. सैन्याजवळील ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गात मोडते, अद्ययावत म्हणावी अशी केवळ ८ टक्के आहे, आणि आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये हे आधीच्याच करारांची देणी भागवण्यास लागणाऱ्या २९,०३३ कोटींनाही पुरे पडत नाहीत, असे त्यांनी सांगितले. हप्ते भागवण्यासाठीच घरातील मिळकत अपुरी पडू लागली म्हणजे गृहिणी काय करते? छपराची डागडुजी पुढल्या पावसाळ्यावर ढकलते. सैन्यात छपराची जागा ट्रकांची.

ट्रकांचा हिशेब तसा साधा आहे. त्याला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. उदाहरणादाखल एक हजार ट्रकांचा ताफा आणि प्रत्येक ट्रकाचे वीस वर्षांचे आयुष्य धरावे. दरवर्षी पन्नास नवे ट्रक घेतले आणि पन्नास मोडीत काढले तर ताफ्याचे सरासरी वय स्थिर राहते, दुरुस्तीचा खर्च स्थिर राहतो आणि कारखान्यालाही ठरलेले काम मिळते. पाच वर्षे खरेदी थांबवली तर अडीचशे ट्रक आयुष्य संपल्यावरही रस्त्यावर धावत राहतात. सहाव्या वर्षी त्यांची भरपाई करायची तर एका वर्षात तीनशे ट्रकांचा पैसा लागतो. तो अर्थातच मिळत नाही. मग घाईघाईने जे बाजारात मिळेल ते घेतले जाते आणि ताफ्यात आणखी एका बनावटीची भर पडते. प्रत्येक नव्या बनावटीबरोबर वेगळे सुटे भाग, वेगळी हत्यारे, वेगळे प्रशिक्षण. दरम्यान उभ्या असलेल्या एका ट्रकाचे भाग काढून दुसऱ्याला लावण्याचा उद्योग सुरू झालेला असतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एसटीची जुनी गाडी घाटात बंद पडल्यावर रस्त्याकडेला बसून राहिलेल्या प्रत्येक प्रवाशाने खरेदी लांबणीवर टाकण्याच्या धोरणाची किंमत आपल्या वेळेने चुकती केलेली आहे. फरक एवढाच की लडाखमधील चौकीसाठी मागून दुसरी गाडी येत नाही.

या प्रश्नाचा इतिहास समाजवादी चळवळीला थोडासा अवघडून टाकणारा आहे आणि म्हणूनच तो सांगितला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्य दुसऱ्या महायुद्धातील उरल्यासुरल्या परदेशी गाड्यांवर दिवस काढत होते. व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, जर्मनीच्या मॅन कंपनीशी सहकार्य करून १९५९ मध्ये जबलपूरच्या आयुध कारखान्यातून ‘शक्तिमान’ ट्रक बाहेर पडला. त्या काळी विरोधी बाकांवरून मेनन यांची जी टिंगल झाली तिच्यात आयुध कारखान्यांत तयार होणाऱ्या कॉफीच्या यंत्रांचा उल्लेख हमखास असे. १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानी मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले तेव्हा प्रजा समाजवादी पक्षाने कृपलानींना पाठिंबा दिला होता. मेनन निवडून आले, आणि त्याच वर्षी चीनच्या आक्रमणानंतर त्यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. सैन्याच्या तयारीविषयी त्यांच्यावर झालेली टीका बव्हंशी रास्त होती. तवांगच्या वाटेवर लहान वाहनेच जेमतेम चढत होती आणि पुढे माणसांच्या पाठीवरून ओझी जात होती. तथापि कॉफीच्या यंत्रांना हसता हसता त्याच कारखान्यातील ट्रकाकडे दुर्लक्ष झाले, ही चूक मान्य करण्यात कमीपणा नाही. त्या ‘शक्तिमान’ने पुढे १९६५ आणि १९७१ ची युद्धे पाहिली. १९६९ मध्ये जबलपूरला स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला आणि तीन दशकांहून अधिक काळ सैन्याचा भार या ट्रकाने वाहिला.

परंतु सार्वजनिक क्षेत्राचा कैवार घेताना त्याच्या दोषांवर पांघरूण घालणेही योग्य नाही. तीन दशके एकच ट्रक बनवणाऱ्या कारखान्याने त्याचा वारस स्वतः रेखाटला नाही. नव्वदच्या दशकात ‘शक्तिमान’ थांबला तेव्हा जबलपूरला अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ आणि टाटांचा अडीच टनी एल.पी.टी.ए. ट्रक बनवण्याचे काम मिळाले. ते प्रामुख्याने खासगी कंपन्यांकडून आलेले सुटे संच जोडण्याचे काम होते. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वाहनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था स्वातंत्र्यापासून आहे, जबलपूरला कुशल कामगारांची फौज आहे, आणि या दोहोंमधून एक साधा लष्करी मालट्रक जन्माला घालण्याची निकड दिल्लीतील कोणालाही वाटली नाही. दोष कामगाराचा नव्हे. जोडकाम करणाऱ्या कारखान्याची किंमत एक दिवस विचारली जाणार हे उघड होते, आणि तसेच झाले. २०१७ साली आयुध कारखान्यांत तयार होणाऱ्या अनेक वस्तू ‘बाजारात सहज मिळणाऱ्या’ ठरवून त्यांची खरेदी खुली करण्यात आली, तेव्हा जबलपूरचे ट्रकही त्या यादीत गेले. सरकारने आधी कारखान्याकडून रेखाटनाची पेन्सिल काढून घेतली आणि नंतर त्याला चित्र काढता येत नाही असा शेरा मारला.

पुढली पायरी २०२१ ची. आयुध कारखाना मंडळ बरखास्त करून १ ऑक्टोबरला ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले आणि जबलपूरचा वाहन कारखाना चेन्नईजवळच्या आवडी येथील आर्मर्ड व्हेइकल्स निगमच्या पदरी पडला. कामगार संघटनांनी संपाची तयारी करताच सरकारने वटहुकूम काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा करून संरक्षण उत्पादनातील संप बेकायदा ठरवला. ज्यांच्या हातांनी ट्रक बांधायचा त्यांचे तोंड बंद करून कार्यक्षमता वाढते, हा सिद्धांत कोणत्या शास्त्रात आहे ते सरकारलाच ठाऊक.

खासगी दलाली म्हणजे कार्यक्षमता, असे मानणाऱ्यांनी टाट्रा प्रकरण आठवावे. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले हे भक्कम ट्रक १९८६ पासून भारत अर्थ मूव्हर्समार्फत सैन्यात येऊ लागले. क्षेपणास्त्रे आणि जड सामग्री वाहण्यात त्यांचा हात धरणारे दुसरे वाहन क्वचितच होते. पण खरेदी मूळ उत्पादकाकडून न होता लंडनमधील मध्यस्थ कंपनीमार्फत होत राहिली, आणि उजव्या हाताने चालवायच्या देशात ते ट्रक पाव शतकभर डाव्या सुकाणूचेच आले. २०१२ मध्ये तत्कालीन सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनी सहाशे वाहनांच्या मंजुरीसाठी आपल्याला १४ कोटींची लाच देऊ करण्यात आल्याचे जाहीर केले. त्यातून चौकश्या निघाल्या, रकाने भरले आणि लवकरच सगळे शांत झाले. सुकाणू पंचवीस वर्षांत डावीकडून उजवीकडे का आले नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाकडून मागितले गेले नाही.

काटकसरीच्या नावाखाली चाललेल्या सर्वांत गंभीर प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीच्या शिफारशींवरून ३० ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने जे निर्णय जाहीर केले, त्यांत दुरुस्तीच्या कार्यशाळा, वाहन आगारे आणि पुरवठा-वाहतुकीची पथके यांची फेररचना होती, आणि अन्य सुधारणा मिळून सुमारे ५७ हजार पदे इतरत्र वळवायची होती. समितीचा मूळ हेतू, म्हणजे शेपटी आखडून दात धारदार करणे, सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. शांतताकाळात मैदानी मुलखातून मालवाहतूक करायला रेल्वे आणि भाड्याचे ट्रक पुरेसे आहेत. तेथे सैन्याने स्वतःचा ताफा झिजवू नये, हे पटण्याजोगे आहे. चालकभरतीचे निकष उंचावण्याची सूचनाही स्वागतार्हच. पण दिल्ली, मीरत, आग्रा, अलाहाबाद, जबलपूर, कांकीनाडा, बंगळूर आणि आपली खडकी येथील आठ तळ-कार्यशाळा सरकारच्या मालकीच्या ठेवून चालवायला ठेकेदारांच्या हाती द्याव्यात, ही योजना त्या हेतूच्या पार पलीकडे जाते. या कार्यशाळांत यंत्र पूर्ण उलगडून पुन्हा बांधले जाते. आघाडीवरचा यांत्रिक बर्फात ट्रक दुरुस्त करतो तो अशाच उलगडण्या-जोडण्यातून हात तयार झालेला असतो म्हणून. कार्यशाळेचा नफा ठेकेदाराला देता येईल. हाताला आलेली ही समज कोणत्या निविदेत लिहायची?

२०२० मध्ये गलवाननंतर लडाखमध्ये सुमारे पन्नास हजार जवानांच्या हिवाळ्याची बेगमी करावी लागली तेव्हा या शेपटीचे महत्त्व एका हंगामात सिद्ध झाले. बर्फ पडण्यापूर्वीच्या मोजक्या आठवड्यांत धान्य, रॉकेल, निवारे आणि दारूगोळा वर चढला, तो सैन्याच्या ट्रकांतून, हवाई दलाच्या विमानांतून आणि भाड्याच्या खासगी ट्रकांतून. त्या भाड्याच्या ट्रकांचे चालक कोणत्याही संचलनात दिसत नाहीत. त्यांना निवृत्तिवेतन नसते. घाटात गाडी गेली तर त्यांच्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येत नाही.

घाटात गाड्या जातात. २३ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर सिक्कीममधील झेमा येथे लष्करी ट्रक वळणावरून घसरून सोळा जवान मृत्यू पावले. २४ डिसेंबर २०२४ रोजी पूंछमधील बलनोईजवळ ११ मराठा लाइट इन्फंट्रीचे पाच जवान गाडी दरीत कोसळून गेले. या दुर्घटना ट्रक जुना होता म्हणून घडल्या असे म्हणण्यास काहीही आधार नाही. डोंगरातील अरुंद रस्ता, बर्फ, धुके आणि एक चुकलेले वळण एवढेही मरणाला पुरते. परंतु गाडीचे वय किती होते, तिचे ब्रेक शेवटचे कधी तपासले, चालक किती तास जागा होता, हे प्रश्न लष्करी चौकशीच्या बंद फायलीतच राहतात. रेल्वे अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी होते आणि संसद त्यावर बोलते. जवानांच्या ट्रकासाठी तशी प्रथा नाही. गोपनीयता क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याला शोभते, ब्रेकच्या तपासणीला तिची गरज काय?

यावर करायचे ते फारसे खर्चिक नाही; उलट स्वस्त आहे. भांडवली अर्थसंकल्पात वाहनांच्या नियमित बदलासाठी स्वतंत्र, अन्यत्र वळवता न येणारी तरतूद असावी, म्हणजे एका विमानाच्या हप्त्यापायी पाचशे ट्रक मागे पडणार नाहीत. ट्रक घेतानाच त्याच्या पूर्ण आयुष्याच्या सुट्या भागांचा करार आणि आराखड्यांवरील हक्क देशाकडे यावा. बोफोर्सवर बंदी येताच सुटे भाग आटले आणि तोफांचेच अवयव काढून तोफांना लावावे लागले, त्या अनुभवानंतर याहून अधिक युक्तिवाद नको. बनावटी कमीत कमी असाव्यात. आणि जबलपूरला पुढच्या मालट्रकाची रेखाटणी अहिल्यानगरच्या संस्थेसह करण्याचे काम, मुदत आणि पैसा द्यावा. खासगी कारखान्यांनी स्पर्धा अवश्य करावी. सार्वजनिक कारखान्याला मात्र हातपाय बांधून शर्यतीत उतरवू नये.

जॉर्ज फर्नांडिस १९९८ मध्ये संरक्षणमंत्री झाले तेव्हा सियाचीनमधील जवानांसाठीच्या बर्फावर चालणाऱ्या स्कूटरांची खरेदी मंत्रालयातील फायलींत अडकली होती. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची संघटना बांधलेल्या या माणसाला वाहनावाचून अडलेल्याची अवस्था ठाऊक असावी. त्यांनी फाइल अडवणाऱ्या काही अधिकाऱ्यांना सियाचीनला जाऊन राहण्याचा आदेश दिला आणि स्कूटरांची खरेदी मार्गी लागली. आजच्या संरक्षणमंत्र्यांनी अर्थ विभागातील आपल्या अधिकाऱ्यांना एवढ्या थंडीत धाडण्याचे कारण नाही. खडकीच्या कार्यशाळेत आठवडाभर बसवले आणि सुट्या भागांच्या मागणीपत्रांवरील तारखा वाचायला लावल्या, तरी पुरेल.