विश्वामित्रीच्या पुराआधीची बेगमी




ऑगस्ट 2024 मध्ये, ऐन जन्माष्टमीच्या सुमारास लागलेली संततधार आणि आजवा सरोवराकडून आलेले पाणी यांच्या योगाने, जिची धोक्याची पातळी 25 फूट मानतात ती विश्वामित्री नदी 35 फुटांच्याही वर चढली आणि अखेर लष्करास पाचारण करावे लागले, तेव्हापासून वडोदऱ्यात सारा दोष महानगरपालिकेच्या माथी मारण्यात येतो. नदीकाठची अतिक्रमणे आणि बुजविलेले नाले यांचा जाब तिला विचारलाच पाहिजे. परंतु पाणी ओसरेपर्यंतचे दोन-तीन दिवस काढावयाचे असतात ते आपल्याच घरात, आणि त्या दिवसांची तजवीज कोणतेही सरकार आपल्या स्वयंपाकघरात येऊन करीत नाही. 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस कोसळून याच शहराची दैना झाली होती. पाच वर्षांत दोनदा आलेल्या संकटास अकल्पित म्हणण्याचा अधिकार आम्हां वासणा भागातील रहिवाशांस तरी उरलेला नाही.

पुरात विजेचा धक्का बसू नये म्हणून पुरवठा खंडित करतात, ते रास्तच असते; पण वीज गेली की पंप थांबतो, गच्चीवरची टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी होते, लिफ्ट अडते आणि मोबाईल निकामी होतो. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत कपडे वाळविण्याच्या दोरीवर चिमट्यांनी अडकविलेली रेशनकार्डे, शाळेचे दाखले आणि शाई फुटून अक्षर न लागणारे एक खरेदीखत मी पाहिले. चार पैशांच्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तो दस्तऐवज माळ्यावर ठेवला असता, तर त्या कुटुंबाची कचेऱ्यांतली वणवण टळली असती.

चार माणसांच्या घरास माणशी रोज तीन लिटर धरल्यास तीन दिवसांस 36 लिटर पिण्याचे पाणी लागते. त्याच्या जोडीस न शिजविता खाण्याजोगे चुरमुरे, फुटाणे, खाकरे, एक विजेरी आणि आठवड्याची नित्याची औषधे असावीत. फ्रिज बंद पडल्यास इन्शुलिन कसे ठेवावे, हेही डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे. आणि या नदीत मगरींची वस्ती आहे, सबब पुराच्या पाण्यात मुलांस खेळू देऊ नये, हे सांगावयास दवंडी कशाला हवी?

अशी सिद्धता म्हणजे शासनास जबाबदारीतून मुक्त करणे होय, असा आक्षेप घेतात. मला तो मान्य नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ जवळच जरोद येथे आहे हे आपले भाग्य. तथापि होड्या मोजक्या असतात, आणि ज्याच्या घरी दोन दिवसांचे अन्नपाणी आहे त्याने हाक मारली नाही, तर तीच होडी डायलिसिसच्या रुग्णाकडे किंवा अवघडलेल्या बाईकडे वेळेवर पोहोचते. हातावर पोट असणाऱ्यांस मात्र साठा करण्यास सांगणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी सोसायट्यांनी आपल्या वर्गणीतून वरच्या मजल्यावर पाणी व कोरडा शिधा राखून ठेवावा.

मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येक सोसायटीने सभा बोलावून, तळमजल्यावर कोण वृद्ध व आजारी आहेत आणि त्यांना कोणी वर आणावयाचे, एवढे तरी नावनिशीवार ठरवावे, अशी माझी वासणा भागातील रहिवाशांस आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक
वासणा, वडोदरा