समुद्र बघायला निमित्त कशाला?

"वेळणेश्वरला येतेस का?" असं आईला विचारलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "तिथं देव कोणता?" महादेवाचं जुनं देऊळ आहे म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. नुसतं "समुद्र बघायला चल" म्हटलं असतं, तर "कशाला गं उगाच खर्च?" म्हणून तिनं विषयच संपवला असता.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही असंच असेल. आपण बायका फिरत नाही असं नाही. लग्नाला जातो, बारशाला जातो, लेकीच्या बाळंतपणाला जातो, दवाखान्यात डबा घेऊन जातो. नवस फेडायला तर हमखास जातो. पण प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त लागतं. नुसतं मनाला वाटलं म्हणून बाई घराबाहेर पडली, असं आपल्या छोट्या गावांतून किती वेळा घडतं?

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. आमच्याकडे समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. पण आईला तोही कधी बघावासा वाटला नाही. जायकवाडीच्या धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं आणि त्याच्या पाण्याखाली जी गावं गेली, त्यात आईचं माहेरही होतं. आजोबांना दुसरीकडे घर मिळालं, पण आईची चिंचेखालची विहीर आणि शाळेची वाट पाण्यात गेली. आम्ही लहानपणी धरणावर सहलीला निघालो की ती डबा बांधून द्यायची. स्वतः कधी आली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. आई म्हणजे डबा बांधणारी, एवढंच आम्हाला माहीत!

आता ती शहात्तर वर्षांची आहे. गेल्या जानेवारीत, संक्रांतीचं हळदीकुंकू उरकल्यावर आम्ही दोघीच निघालो. एसटीनं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. त्यामुळे "एवढा खर्च" हे आईचं हुकमी वाक्य या वेळी चाललं नाही. पहिला मुक्काम पुण्याला भावाकडे. दुसऱ्या दिवशी कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून गुहागर.

वाटेत एका ठिकाणी गाडीतून उतरताना आईला एकदम गरगरलं. मी घाबरले. मग कळलं, सकाळपासून बाईनं पाण्याचा घोट घेतलेला नाही. का? तर "वाटेत लागली तर जायचं कुठं?" मी तिला रागावले खरी, पण खरं सांगू? माझीही बाटली निम्मी भरलेलीच होती. प्रवासाला निघालं की पाणी तोडायचं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. बायकांनी फिरावं असं वाटत असेल तर तिकीट अर्धं करून काम निम्मंच झालं. उरलेलं निम्मं म्हणजे वाटेवर स्वच्छ, दिवा आणि कडी असलेलं स्वच्छतागृह. हे मागताना लाजायचं काही कारण नाही. लाज असलीच तर ती न बांधणाऱ्यांना वाटावी.

गुहागरहून वेळणेश्वरला जाताना रस्ता सड्यावरून वळणं घेत शेवटी झाडीत उतरतो. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे चंद्रकोरीसारखी वळलेली वाळू. माड अगदी वाळूपर्यंत आलेले. देऊळ किनाऱ्याला लागूनच. आम्ही एका घरात उतरलो होतो. घरच्या काकू जेवणखाण आणि दोन खोल्या बघायच्या. त्या दिवशी एकादशी. आईचा उपवास ऐकून काकू हसून म्हणाल्या, "आज एकादशी, म्हणजे सव्वाआठची भरती. तुम्ही चारला जा, आजी. तेव्हा पाणी भरत असतं, ओढत नाही. पण घोट्याच्या वर जायचं नाही हं."

हे एकादशीचं आणि सव्वाआठचं गणित मला कळेना. तेव्हा काकूंनी ते बोटांवर मांडून दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाण. साधारण बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती. हिशेब ढोबळ आहे, पण कोकणातल्या बायकांना तोंडपाठ. मला गंमत वाटली. आपल्यालाही चतुर्थी, एकादशी, प्रदोष सगळं पाठ असतं. कॅलेंडर आपल्याच हाताशी टांगलेलं असतं. फक्त ते समुद्राशी जोडलेलं आहे, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि ही नुसती गंमत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. त्यात मुलीही होत्या. आपण विहीर-तळ्याच्या मुलखातल्या. पाणी उभं असतं, ते माणसाला ओढून नेतं हे आपल्या डोक्यातच नसतं. म्हणून किनाऱ्यावर गेलात की आधी तिथल्या माणसाला विचारा, मगच पाय ओले करा. ओहोटीच्या वेळी तर लांबच राहा.

चार वाजता आम्ही वाळूवर गेलो. आई आधी देवळात जाऊन आली, कारण ती त्यासाठीच आली होती ना! मग तिनं लुगड्याचा घोळ मुठीत धरला आणि पाण्यात उभी राहिली. पायाखालची वाळू सरकली तशी "अगं बाई!" करून माझा दंड धरला. लाट परतली. ती बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली,

"ह्या पाण्याखाली कुणाचं गाव नाही ना गं?"

मला पटकन उत्तरच देता येईना. "नाही आई, हे पहिल्यापासूनच आहे," एवढंच म्हणाले. तिनं मान हलवली आणि मूठ सोडली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. भिजू दिलं तिनं.

नंतर आम्ही कोरड्या वाळूवर बसलो. पंधरा मिनिटांनी आई म्हणते, "निवडायला थोडी मेथी तरी आणायची." मला हसू आलं. तिच्या हातांना रिकामं बसायची सवयच नाही. पण सूर्य बुडेपर्यंत ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. शहात्तर वर्षांत मी तरी तिला असं पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी द्वादशी, म्हणजे नऊची भरती. हिशेब आता आम्हीच केला. हेदवीला जाऊन दशभुजा गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं, पण आधी नऊच्या सुमाराला बामणघळ गाठली. काळ्या कातळात लांबच लांब अरुंद भेग. भरतीचं पाणी तीत घुसतं आणि धडाडून उंच उसळतं. कातळ निसरडा, म्हणून आम्ही लांबूनच बघितलं. आईनं हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर मी काकूंना म्हटलं, "तुमची मजा आहे, रोज समुद्र!" तर त्या म्हणाल्या, "कसली मजा हो! माझा समुद्र स्वयंपाकघराच्या खिडकीतला. गणपती विसर्जनाला तेवढी खाली उतरते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचं वेरूळ कसं आहे?" वेरूळ आमच्यापासून जेमतेम तीस किलोमीटर. आई घृष्णेश्वराला चारदा जाऊन आली, पण शेजारचं कैलास लेणं तिनं एकदाही आत जाऊन बघितलेलं नाही. आम्ही तिघीही हसलो, पण मला आतून कसंतरीच झालं.

त्या संध्याकाळी आईनं काकूंना हाताला धरून वाळूवर आणलं. पंधराच मिनिटं, कारण कुकर लावायचा होता. पण आल्या.

देवाला जाऊच नये असं मी म्हणत नाही. पण मनाला हवं असतं ते देवाच्या, नाहीतर लेकरांच्या नावावर किती दिवस खपवायचं? "मला बघायचंय" हे दोन शब्द घरात मोठ्यानं म्हणून बघा. कुणी "कशाला?" विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही. समुद्र लांब असेल तर गावाजवळचं तळं बघा, लेणी बघा. सोबत आईला घ्या, सासूला घ्या. आणि हो, वाटेत पाणी पीत जा.

परवा आईचा फोन आला होता. म्हणाली, "रविवारी मोकळी आहेस का? धरणावर जाऊन येऊ." मी सवयीनं विचारलं, "का गं, काय आहे?"

"काही नाही," आई म्हणाली. "बघायचंय."