वीरगंजच्या रखवालदाराला गाडीभाडे का नाही?



२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्यापासून ‘प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र’, ‘प्रत्येकाला किमान वेतन’ असा गजर सगळीकडे चालू आहे. आमच्या शीवच्या सोसायटीच्या फाटकावर बसणारा माणूस या ‘प्रत्येका’त येतो का, एवढेच मला विचारायचे आहे. कारण गेल्या रविवारी समितीच्या सभेत त्याला आठवड्याची सुट्टी द्यावी असा विषय मी काढला, तर एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या सभासदांनी ऐकवले, “अहो, तो नेपाळी आहे. त्याला आपले कायदे लागत नाहीत.” झाले! पुढचा विषय नव्या कॅमेऱ्यांचा होता, तो पाच मिनिटांत मंजूर.

लागत नाहीत हे साफ खोटे आहे. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ करारातील सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची सारखी मोकळीक दिली आहे. किमान वेतन फक्त भारतीय नागरिकालाच द्यावे असे वेतनसंहितेत कुठेही लिहिलेले नाही. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत तर याच कराराचा दाखला देऊन नेपाळी कामगाराला भारतीय कामगारच समजावे, असे स्पष्ट वाक्य आहे. म्हणजे सरकारला हे सुचत नाही असे नाही. एकदा सुचलेले आहे.

मग माझा राग कशावर? तेच वाक्य व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येपाशी नाही, यावर. तिथे स्थलांतरित म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला. एकाच एजन्सीचे दोन रखवालदार घ्या. एक बिहारातल्या रक्सौलचा, दुसरा सीमेपलीकडच्या वीरगंजचा. गणवेश एक, पाळी एक, पगार एक. गावी जायला दोघेही कुर्ला टर्मिनसवरून रक्सौलच्याच गाडीत बसणार. पण एजन्सीकडे असे दहा किंवा जास्त परराज्यातले कामगार असतील आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर रक्सौलवाल्याला वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचे भाडे मालकाने द्यायचे. वीरगंजवाल्याने ते पदरचे भरायचे. शिधा कुठेही मिळण्याची सोयही पहिल्यालाच. का? तर गाडीतून उतरल्यावर दुसऱ्याला आणखी एक पूल ओलांडावा लागतो म्हणून!

नेपाळनेही या माणसाला वाऱ्यावर सोडले आहे. त्यांच्या २००७ च्या वैदेशिक रोजगार कायद्याप्रमाणे कतार-मलेशियाला जाणाऱ्याला श्रम स्वीकृती घ्यावी लागते, त्याबरोबर विमा येतो आणि काही बरेवाईट झाले तर कल्याणकारी कोषातून घरच्यांना मदत मिळते. भारतात येणाऱ्याला स्वीकृतीच लागत नाही, म्हणून पुढचे काहीच नाही. खुली सीमा म्हणून दोन्ही सरकारे गोडवे गातात, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांची पक्की नोंद एकाच्याही वहीत नाही.

आणि आपण? जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा एकेका खोलीत किती माणसे कोंबली होती यावर आपल्या घराघरांत संताप होता. रास्तच होता. पण त्याच घरांच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पंपाशेजारी जो झोपतो, त्याची जागा किती चौरस फूट आहे हे विचारायला कुवेतचे सरकार येणार नाही.

‘आधी मराठी पोरांना कामे द्या, मग नेपाळ्यांची काळजी करा,’ हेही त्या सभेत ऐकले. मला हा मुद्दा पटतो, फक्त उलट्या बाजूने. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची कितीतरी गिरणी कामगारांची घरे रखवालदारीवर जगली. सुरक्षा रक्षकांसाठी राज्याने १९८१ मध्येच वेगळा कायदा केला होता, पुढे त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ आले. सोसायट्या मंडळाचा रक्षक का घेत नाहीत? त्याला सुट्टी द्यावी लागते म्हणून. बिनहक्काचा माणूस बारा तास मिळतो तोवर हक्काचा माणूस कुणाला हवा आहे? नेपाळ्याला हक्क द्या, मराठी मुलगा आपोआप स्पर्धेत येईल. यात मला तरी कुठे शंका घ्यायला जागा दिसत नाही.

सोसायटीने थेट नेमलेल्याचे हाल आणखी निराळे. २००२ मध्ये दिल्लीच्या सोम विहार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असे नोकर सभासदांची वैयक्तिक सेवा करतात, सोसायटी हा ‘उद्योग’ नव्हे, सबब तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ते कामगार नव्हेत. वैयक्तिक सेवा म्हणे! पहाटे पंप, मग गाड्या पुसणे, दिवसभर पार्सले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शीव स्थानकाजवळचा पूल बंद झाल्यावर आमच्या गल्लीत घुसणाऱ्या वाहनांना शिट्टी मारून मार्गी लावणे. हे शेवटचे काम तरी नक्कीच सोसायटीचे नाही, वाहतूक पोलिसांचे आहे.

दक्षिण मध्य मुंबईच्या खासदारांनी संसदेत श्रममंत्र्यांना एकच प्रश्न विचारावा: निर्वाह निधीत जे वाक्य आहे ते सुरक्षा संहितेत कधी घालणार? आणि आमच्या समितीने कॅमेऱ्यांच्या खर्चातून थोडे वाचवून तळमजल्यावरच्या संडासाला दिवा आणि कडी बसवून द्यावी. त्यासाठी कुठल्या संहितेची वाट पाहायची गरज नाही.

— सोसायटीचा एक सभासद, शीव, मुंबई